दगडांचं टपाल : हातोडा ठेवा, फ्रीझर उघडा

गेल्या अंकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मझॉन क्रीक भागात (ब्रेडवुड गाव याच भागातलं) दगडी गोट्यांच्या आत मिळणाऱ्या जीवाश्मांवर मी दीड पान लिहिलं आणि या महिन्यात टपाल दुपटीने आलं. एरवी मला ‘शाळिग्राम खरा कसा ओळखावा’ आणि ‘आमच्या शेतात बोअरला पाणी लागेल का’ एवढंच विचारलं जातं. ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या झुरळांवर लोक इतकं मन लावून लिहितील असं वाटलं नव्हतं. जमतील तेवढी उत्तरं देते.

प्रश्न : मी शिकागोजवळ नेपरविलला राहते. माझा अकरा वर्षांचा मुलगा मित्राच्या घरच्यांबरोबर ब्रेडवुडकडे गेला होता, तिथून बादलीभर तांबूस गोटे घेऊन आला. आत किडे असतात म्हणतो. गॅरेजमध्ये आम्ही सहा फोडले. पाचांचा चुरा झाला, सहाव्यात काहीतरी होतं ते मधोमध तुटलं. उरलेले फेकून द्यावेत का? – एक आई, नेपरविल

ताई, फेकू नका. आणि हातोडा आधी मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

मीही हीच चूक केली होती, तीही भूशास्त्र तीस वर्षं शिकवून झाल्यावर. निवृत्तीनंतर बहिणीकडे ऑरोरा गावी गेले होते, म्हणजे तुमच्या अगदी शेजारी. मेव्हण्यांनी परवाना काढून ठेवला होता (मझोनिया-ब्रेडवुडच्या सरकारी क्षेत्रात जीवाश्म वेचायला तो लागतोच, तुमच्या मुलाच्या मित्राकडे होता ना, तेवढं विचारून घ्या). जुलैचा महिना, अंगाला चिकटणारं ऊन, गवतात गोचीड. डोळ्यांपुढे काय, तर कोळशाच्या उघड्या खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचे ढीग, आणि त्यांवर आता चांगली झाडी माजलेली. कोळसा संपला, खाणी बंद झाल्या. सगळ्यात नावाजलेली अकरा नंबरची खाण पाण्याने भरून ब्रेडवुडच्या अणुवीज केंद्राचा थंड पाण्याचा तलाव झाली. दरवर्षी झाडं वाढतात आणि गोटे सापडणं अवघड होत जातं. निसर्गप्रेमी माणसाने झाडं वाढली म्हणून हळहळावं, अशी जागा मी दुसरी पाहिली नाही.

आम्ही ४३ गोटे आणले. बटाट्याएवढे, काही बटाटेवड्यासारखे चपटे, बाहेरून गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे. पहिले चार मी हातोड्याने फोडले आणि तुमच्यासारखीच फजिती झाली. मग तिथल्या एका हौशी आजोबांनी सांगितलं ते केलं, ते तुम्हालाही सांगते.

गोटे प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यात बुडवून आठ-दहा दिवस ठेवा. काचेचं भांडं नको, तडकेल. मग डबा पाण्यासकट फ्रीझरमध्ये. पुरता गोठला की बाहेर काढून पुरता वितळू द्या, घाई नको, कारण पाणी आतल्या फटीत शिरायला वेळ लागतो. पुन्हा फ्रीझर. पाण्याचं बर्फ होताना ते फुगतं आणि गोटा जिथे मुळात कच्चा आहे तिथे उकलतो. ती कच्ची जागा कुठे असते? बहुतेकदा आतल्या जिवाच्या पातळीतच. हातोडा तुम्हाला हवं तिथे फोडतो, बर्फ दगडाला हवं तिथे. काही गोटे चौथ्या खेपेला उघडतात, काहींना तीस-चाळीस खेपा लागतात. तुमच्याकडे तर हिवाळा फुकट आहे, बादली अंगणात ठेवून द्या. आम्ही उन्हाळ्यात गेलो, त्यामुळे बहिणीच्या फ्रीझरमध्ये खवलेला नारळ आणि पुरणपोळ्या एका कप्प्यात, कार्बॉनिफेरस कल्प, म्हणजे ते ३१ कोटी वर्षांचे गोटे, दुसऱ्या कप्प्यात. तिने महिनाभर सोसलं, मग बोलली.

कडेला बारीक रेघ दिसली की लहान हातोडीने अगदी हलकेच टिचकी मारा. दोन फाका होतील. दोन्ही जपा. एका फाकेवर जीव उठावाचा असतो, दुसरीवर त्याचा ठसा. रबरबँड लावून एकत्रच ठेवा. कुठून उचलला ते कागदावर लिहून त्यातच घाला. ‘मित्राबरोबर गेलो होतो तिथून’ हे दहा वर्षांनी मुलालाही आठवणार नाही. आणि सहाव्या गोट्याचे ते दोन तुकडे टाकले नसतील तर डिंकाने नीट जुळतात.

आता अपेक्षेबद्दल. आमच्या उरलेल्या ३९ पैकी २३ पूर्ण रिकामे निघाले. अकरांत नुसते गोल पुसट डाग. तिघांत नेच्यासारख्या पानाचे तुकडे, एकात कोळंबीसारखं काहीतरी. किडा एकही नाही. एक गोटा उघडलाच नाही, त्याच्याकडे नंतर येते. किडे तिथे आहेत. येल विद्यापीठाच्या जेम्स ड्वाइट डाना यांनी १८६४ मध्येच तिथल्या कीटकांचं वर्णन छापलं होतं. तेव्हापासून झुरळांचे पूर्वज, विंचू, कोळी, काटेरी पैसा किडे, पसरलेल्या पंखांवर नक्षी असलेले आता नामशेष झालेले कीटक असं पुष्कळ मिळालंय. पण तिथे तेव्हा नदीच्या मुखाशी डेल्टा होता, त्याच्या पाण्यात किडा पडणं, बुडणं, कोणी न खाणं आणि चिखलाखाली जाणं हे सगळं जमून यावं लागतं. पानं मात्र रोजच पडायची.

आणि जमून आलं म्हणजे काय झालं, ते मुलाला असं सांगा. इलिनॉय तेव्हा विषुववृत्ताजवळ होतं. दलदलीचं जंगल, त्यात तीस मीटर उंच लेपिडोडेंड्रॉन नावाचे वृक्ष, खवल्यांच्या सालीचे. समुद्र वर चढला, जंगल बुडालं, त्याचा पुढे कोळसा झाला. वर नदीने गाळ आणून ओतायला सुरुवात केली. हा गाळ भराभर साठला; त्याच्या पापुद्र्यांत भरती-ओहोटीच्या पट्ट्या मोजता येतात, अमावास्या-पौर्णिमेचं उधाणसुद्धा ओळखू येतं. गाळात गाडलेला जीव कुजू लागला. कुजताना जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि गाळातलं लोह यांचं सिडेराइट झालं, म्हणजे लोहाचं कार्बोनेट. खाऱ्या समुद्रात सल्फेट भरपूर असतं, तिथे लोह गंधकाकडे वळतं आणि पायराइट होतं. इथे पाणी गोडं किंवा मचूळ, म्हणून सिडेराइट. जिवाभोवती ही गाठ गाळ दाबला जाण्याआधीच घट्ट झाली. म्हणून किडा चपटा झाला नाही, मऊ अंगाचे जीवही राहिले. गेल्या अंकात मी प्राण्यांच्या आकाराबद्दल फार लिहिलं, ते आता खटकतं. पंख पसरून सत्तर सेंटिमीटर भरणारा चतुर मोठा होता यापेक्षा हाड ना शिंपला असं जेलीसारखं अंग ३१ कोटी वर्षं टिकलं, हे मला जास्त अवघड वाटतं.

त्या पुसट डागांबद्दलही सांगते, कारण तुमच्या बादलीत तेच जास्त निघणार. त्यांना तिथे सरळ ‘ब्लॉब’ म्हणतात. एसेक्सेला हे शास्त्रीय नाव, १९७९ पासून जेलीफिश म्हणून नोंद. इतके मिळतात की हौशी लोक ढिगावरच टाकून येत. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या रॉय प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी हजारो नमुने पुन्हा पाहिले आणि २०२३ मध्ये लिहिलं की सगळे इतकी वर्षं हा प्राणी उलटा धरून बघत होते. जेलीफिशची छत्री समजलेला भाग म्हणजे गाळात रुतणारा पाय. हा समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन. मी हे वाचलं आणि ट्रंकेतले माझे अकरा डाग काढून उलटे धरले. खरं सांगते, उलटे धरल्यावरही मला डागच दिसले. पण आता त्यांना चिठ्ठ्या आहेत.

मुलाला पुढे गोडी लागली तर एस्कोनी हा उत्तर इलिनॉयचा भूविज्ञान क्लब आहे, तिथली मंडळी मनापासून मदत करतात. आणि खरंच वेगळं काही निघालं तर शिकागोचं फील्ड म्युझियम तुमच्याच गावच्या वाटेवर आहे.

प्रश्न : तुम्ही टली मॉन्स्टरला ‘एक प्रकारचा मासा’ म्हटलंत. हे आता कोणी मानत नाही. – एक वाचक, ठाणे

कोणी मानत नाही असं नाही, पण माझं वाक्य चुकलंच. २०१६ चा निबंध डोळ्यांपुढे होता, पुढचं पाहिलं नव्हतं.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी : फ्रान्सिस टली नावाचा पाइपफिटर सुट्टीच्या दिवशी गोटे वेचायचा. १९५० च्या दशकात त्याला एका गोट्यात जो प्राणी मिळाला तो कशातच बसेना. लांबट मऊ अंग, पुढे सोंड, सोंडेच्या टोकाला दातेरी जबडा, आणि आडव्या काठीच्या दोन टोकांवर दोन डोळे. त्याने तो फील्ड म्युझियमला नेला. तिथल्या यूजीन रिचर्डसन यांनी १९६६ मध्ये टलीमॉन्स्ट्रम ग्रेगॅरियम असं नाव दिलं. हा प्राणी जगात दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही, आणि १९८९ पासून तो इलिनॉयचा राज्यजीवाश्म आहे. २०१६ मध्ये व्हिक्टोरिया मॅकॉय यांच्या गटाने त्याला पाठीचा कणा आहे, तो लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशाचा नातलग आहे असं मांडलं. पुढच्याच वर्षी विरोध झाला. २०२३ मध्ये जपानच्या तोमोयुकी मिकामी यांच्या गटाने दीडशेवर नमुने लेझरने तिन्ही मितींत मोजून कणा नाही असा निकाल दिला. मग तो आहे कोण, हे ठरलेलं नाही. माझा शब्द मी मागे घेते.

प्रश्न : मी बारावी वाणिज्यला शिकवतो. एका विद्यार्थ्याने वर्गात सांगितलं की आपल्या पुस्तकातल्या हेन्री फेयॉलचा आणि राक्षसी चतुराचा संबंध आहे. मी त्याला खाली बसवलं. बरोबर केलं ना? – एक शिक्षक, सांगली

सर, त्याला उभं करा आणि शाबासकी द्या.

व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं सांगणारा फेयॉल हा पेशाने खाण अभियंता. १८६० मध्ये, वय एकोणीस, तो मध्य फ्रान्समधल्या कॉमेन्ट्री इथल्या कोळसा खाणीत रुजू झाला आणि १८६६ मध्ये तिचा व्यवस्थापक झाला. तुमच्या पुस्तकातलं सगळं, आदेशातली एकवाक्यता वगैरे, त्याला तिथे सुचलं असणार. ग्रंथ छापून आला १९१६ मध्ये. पण या माणसाला दगडांतही गती होती. कॉमेन्ट्रीत कोळसा उघड्यावर खणला जाई, त्यामुळे थर कापलेल्या केकसारखे समोर दिसत. ते पाहून, टाक्यांत गाळ ओतून प्रयोग करून, त्याने नदीच्या मुखाशी डेल्ट्यात कोळसा कसा साठला असावा याचा सिद्धान्त मांडला. आणि थरांत कीटक दिसू लागले तेव्हा ते राखून ठेवायची व्यवस्था लावली. मुळातच व्यवस्थेचा माणूस!

ते नमुने पॅरिसच्या चार्ल्स ब्रोंनियारकडे गेले. १८८५ मध्ये त्याने त्यातल्या सगळ्यात मोठ्या कीटकाला मेगान्यूरा हे नाव दिलं. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तीन वीत. शास्त्रज्ञ त्याला अस्सल चतुर मानत नाहीत, चतुराच्या घराण्यातला चुलता म्हणतात. आजच्या चतुराच्या पंखाच्या टोकाशी जो गडद ठिपका असतो तो याच्या पंखाला नव्हता. ब्रोंनियार वयाच्या चाळिशीत गेला, पण कॉमेन्ट्रीच्या कीटकांवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ अजून उघडावा लागतो.

प्रश्न : हवेत ऑक्सिजन वाढला तर डास कावळ्याएवढे होतील का? – इयत्ता सातवी, रत्नागिरी

नाही रे बाळा. रत्नागिरीच्या डासांना वाढायची गरजही नाही.

कीटकाला फुप्फुसं नसतात. अंगावरच्या भोकांतून बारीक नळ्या आत जातात आणि हवा त्यांतूनच पोचते. अंग मोठं झालं की नळ्यांना जागा फार लागते. आज हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे. कार्बॉनिफेरसच्या शेवटी तो ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असावा असा हिशेब आहे. म्हणून काही कीटक मोठे होऊ शकले, असं म्हणतात. अमेरिकेत एका प्रयोगशाळेत चतुर जास्त ऑक्सिजनमध्ये वाढवले तर थोडे मोठे झाले. थोडेच. झुरळं मात्र मोठी झालीच नाहीत, फक्त वाढायला जास्त वेळ घेतला.

शिवाय इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँडमध्ये २०१८ मध्ये समुद्रकड्यावरून कोसळलेल्या दगडात आर्थ्रोप्ल्यूरा मिळाला. पैसा किड्याचा हा नातलग अडीच मीटरांहून लांब असावा, म्हणजे तुझ्या घरच्या दारापेक्षा मोठा. तो दगड ऑक्सिजन कळसाला पोचण्याच्या कितीतरी आधीचा. तेव्हा एकट्या ऑक्सिजनवर सगळं ढकलता येत नाही. आकाशात तेव्हा पक्षी नव्हते, वटवाघळं नव्हती. मोठ्या, मंद उडणाऱ्या किड्याला टिपणारं वर कोणी नव्हतं, हेही कारण असू शकतं.

आणि डास तेव्हा नव्हतेच. माशा, डास, फुलपाखरं, मुंग्या, मधमाश्या सगळे नंतरचे. झुरळासारखे मात्र होते. त्याचं आश्चर्य वाटलं नाही ना?

प्रश्न : मी वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत) चौतीस वर्षं काढली. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी सगळीकडे कोळसा पाहिला. त्यात एक किडा दिसला नाही. आपला कोळसा कमी दर्जाचा म्हणून का? – एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर

दादा, दर्जाचा काही संबंध नाही. तुम्ही पाहिलेला कोळसा पर्मियन कल्पातला, म्हणजे मझॉन क्रीकपेक्षा काही कोटी वर्षांनी लहान. आणि देशच वेगळा. इलिनॉय विषुववृत्तावर घामाघूम होतं तेव्हा आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन महाखंडात होती. (नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून पडलं, हे विदर्भात तरी सांगायला नको.) तुमच्या कोळशाच्या खाली तालचीरचे थर आहेत, वेड्यावाकड्या धोंड्यांनी भरलेले. ते धोंडे हिमनद्यांनी आणले. इरई इथे पैनगंगेच्या चुनखडकावर बर्फाखाली घासत गेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत, १८७५ मध्ये फ्रान्सिस फेडन यांनी त्यावर लिहिलं. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना तिथे न्यायची. मे महिन्यात, ४६ अंशांत, हिमनदी समजावून सांगायची. मुलं माझ्याकडे बघायची आणि मग पाण्याच्या बाटलीकडे.

गंमत अशी की गोंडवनातला बर्फ आणि इलिनॉयचे गोटे यांचं नातं आहे. इलिनॉयमध्ये कोळसा, समुद्री गाळ, पुन्हा कोळसा, पुन्हा गाळ अशी फेर धरल्यासारखी थरांची रांग दिसते. हॅरल्ड वॅनलेस आणि फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये म्हटलं की दक्षिणेकडचा बर्फ वाढला की समुद्र खाली जायचा, वितळला की तिकडच्या दलदली बुडायच्या. चंद्रपूरचे ओरखडे मझॉन क्रीकपेक्षा थोडे नंतरचे, पण त्याच लांबलचक हिमयुगातले. (टली, फेडन, शेपर्ड, तिघेही फ्रान्सिस. वर मझॉन क्रीकचे गोटे ज्या थरात मिळतात त्याचं नाव फ्रान्सिस क्रीक शेल; शेल म्हणजे चिखलाचा पापुद्रेदार खडक. मी काही शोधायला गेले नव्हते.)

किडे कोळशात शोधू नयेत, ही दुसरी गोष्ट. कोळशाची दलदल आम्लधर्मी, तिथे नाजूक अंग टिकत नाही. इलिनॉयमध्येही गोटे कोळशात नाहीत, कोळशाच्या डोक्यावरच्या शेलमध्ये आहेत. तुम्ही ज्याला छत म्हणता त्यात. आपल्या छतात ग्लॉसोप्टेरिसची जिभेसारखी पानं तुम्ही नक्की पाहिली असतील. कीटक आपल्या गोंडवन थरांत मिळाले आहेत, पण मोजकेच.

किडेच हवे असतील तर नागपूरला या. आता शहराने गिळलेल्या टाकळीत, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात, स्टीफन हिस्लॉप यांना भुंग्यांच्या पंखांची कवचं मिळाली होती. ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच हिस्लॉप. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये त्यांचं वर्णन छापलं. वय सुमारे साडेसहा कोटी, मझॉन क्रीकपुढे अगदी काल-परवाचं. पण आपलं.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की एक गोटा अजून उघडला नाही. उघडला का? – बऱ्याच जणांकडून

नाही. बहिणीने निरोप देताना तो माझ्या बॅगेत घातला, ‘हा तुझा तू ने’ म्हणून. नागपूरला आल्यापासून गोठवणं-वितळवणं चालू आहे, दारावर खडूने रेघा मारते, ३७ झाल्या. पस्तिसाव्या खेपेला कडेला केसासारखी रेघ आली आणि घरात सगळे गोळा झाले. पुढे काही नाही. आता हिरवे मटार सोलून ठेवायचा मोसम आहे आणि सूनबाईंनी वरचा कप्पा रविवारपर्यंत रिकामा मागितलाय. म्हणजे अजून दोन खेपा मिळतील.